चाळीस मीटरवरचा पैसा

फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅनडातील टोरांटोहून रोडोल्फो नोव्हाक यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील इलेन ऊ यांना बिटकॉइन पाठवले. दोघांच्या मधे ना इंटरनेट होते, ना उपग्रह. होता तो चाळीस मीटरचा बँड, जेएस८कॉल हा डिजिटल मोड आणि आयनावरण. इलेन ऊ आणि निक साबो यांनी २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या एका परिषदेत ही कल्पना मांडली होती. एखाद्या सरकारने इंटरनेट तोडले, तरी क्षीण संकेतांच्या रेडिओवरून व्यवहार पलीकडे पोचवता यावा, असा त्यांचा हेतू. तेव्हापासून हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, मंडळींत हा विषय अधूनमधून डोके वर काढतो आणि दर वेळी चर्चा त्याच दगडाला ठेचकाळते: ‘हे सांकेतिक आहे, म्हणून बेकायदा आहे.’ आमच्या मते खरे पैसे हौशी बँडवरून पाठवू नयेत हे बरोबर, पण त्यासाठी दिले जाणारे हे कारण चुकीचे आहे. कारणच चुकीचे असले की पहिल्या हुशार माणसापुढे सगळा युक्तिवाद कोसळतो, म्हणून आधी तेवढे निस्तरलेले बरे.

घोटाळा ‘क्रिप्टो’ या उपसर्गाने केला आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतील २५.२ए हे कलम सांगते की दोन देशांतील हौशी केंद्रांमधले प्रक्षेपण अर्थ लपवण्याच्या हेतूने सांकेतिक केलेले नसावे. यातला महत्त्वाचा शब्द ‘हेतू’ हा आहे. मोर्सही ऐकणाऱ्या सामान्य माणसाला कळत नाही, पण तिचा तक्ता छापील असल्यामुळे तिला कोणी गुप्तलिपी म्हणत नाही. बिटकॉइनचा साधा व्यवहार याच जातीचा आहे. किती रक्कम, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या पत्त्यावर हे सगळे त्यात उघडे असते, त्याचे स्वरूप प्रसिद्ध आहे आणि पुढे तो जगभरच्या खतावणीत कायमचा नोंदलाही जातो. त्यातले गणित मजकूर झाकण्यासाठी नसते, ते दस्तावरच्या सहीसारखे असते: हा व्यवहार चावी जवळ असलेल्यानेच केला आणि वाटेत कोणी आकडा बदलला नाही, एवढेच ते सिद्ध करते. वाटेत कोणी तो ऐकला तरी चोरू शकत नाही. फार तर आपणहून पुढे पाठवील, म्हणजे फुकटात मदतच करील. हौशी रेडिओच्या उघडेपणाशी याचे मुळीच भांडण नाही. भांडण सुरू होते ते पुढच्या पायरीवर. बिटकॉइनवरच उभ्या असलेल्या लाइटनिंग नेटवर्कचे संदेश थरांवर थर चढवून खरोखरच गुप्त केलेले असतात. ते हौशी बँडवर निषिद्ध, यात वाद नाही. आणि व्यवहाराऐवजी थेट चावीच, किंवा चावी बनवणारे बारा शब्द, हवेत सोडायचे म्हटले तर ते चौकात उभे राहून तिजोरीची किल्ली लिलावात काढण्यासारखे आहे. ते शब्द झाकावेत तर नियम मोडतो, उघडे ठेवावेत तर पहिला ऐकणारा पैसे घेऊन जातो.

आता थोडे गणित करू, कारण या विषयावर उत्साहाने बोलणारे आणि चिडून बोलणारे दोघेही ते टाळतात. एफटी८ या डिजिटल मोडची एक फ्रेम पंधरा सेकंदांच्या खिडकीत ७७ बिट नेते, आणि जेएस८ त्याच घराण्यातला आहे. एका आवकेचा आणि दोन जावकांचा व्यवहार साधारण २२० बाइटचा, म्हणजे १,७६० बिटांचा. त्याला २३ फ्रेम लागतील, म्हणजे एकही फ्रेम न हुकता पावणेसहा मिनिटे. गोंगाटाच्या २० डेसिबल खालून हे साधत असेल तर कौतुकच आहे. पण पैसे मिळाले की नाही हे कळायला उलट दिशेनेही काही यावे लागते. व्यवहार ब्लॉकमध्ये बसल्याचा पुरावा म्हणजे ८० बाइटचे शीर्षक आणि, चार हजार व्यवहारांचा ब्लॉक धरला तर, ३२ बाइटचे बारा हॅश. एकूण ४६४ बाइट, ४९ फ्रेम, सव्वाबारा मिनिटे. तोवर पुढचा ब्लॉक आलेलाही असतो, कारण ते सरासरी दहा मिनिटांनी येतात. नुसती शीर्षके ओळीने घेत राहायचे तरी प्रत्येकाला सव्वादोन मिनिटे जातात, म्हणजे ती एक वाट कायमची जवळपास पाव भाग अडकली. आणि एक मेगाबाइटचा सबंध ब्लॉक याच वेगाने उतरवायला अठरा दिवस लागतील. थोडक्यात, रेडिओवरून व्यवहार सांगता येतो, तपासणे जड जाते. पलीकडच्या इंटरनेटवाल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावाच लागतो, आणि कोणावर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून तर बिटकॉइन जन्माला आले.

खरा अडसर मात्र वेगाचा नाही. नियम १.५६ मधील हौशी सेवेची व्याख्या पाहा: स्वयंशिक्षण, परस्परसंपर्क आणि तांत्रिक शोध, तोही निव्वळ वैयक्तिक हेतूने आणि आर्थिक हितसंबंधाविना. आपल्या १९७८च्या नियमांतही धंद्याचे आणि मोबदल्याचे संदेश वर्ज्य आहेत. ‘हा कुठे पैसा, ही तर आकड्यांची गंमत’ ही पळवाट भारतात तरी २०२२च्या वित्त कायद्याने बुजवली. आभासी मालमत्तेवरच्या नफ्याला ३० टक्के कर आणि हस्तांतरावर एक टक्का उद्गम कपात लागते, ती गंमत म्हणून लागत नाही. यावर अमेरिकी उदाहरण पुढे केले जाते: तिथल्या दूरसंचार आयोगाने १९९३ मध्ये धंद्याविषयीचे नियम सैल केले आणि हॅमला रिपीटरवरून फोन जोडून घरी पिझ्झा मागवण्याची मुभा मिळाली. मग बिटकॉइनचेच काय वावडे? (योगायोग असा की बिटकॉइनने झालेली पहिली गाजलेली खरेदीही पिझ्झाचीच: मे २०१०, दोन पिझ्झा, दहा हजार नाणी.) पण ती सवलत त्या देशापुरती आहे आणि तीत हॅम निरोप देतो, रक्कम रेडिओवरून सरकत नाही. व्यवहाराच्या प्रक्षेपणात निरोप आणि रक्कम वेगळी काढताच येत नाहीत. संदेश पोचणे हेच पैसे पोचणे.

सर्वांत वजनदार आक्षेप आपत्तीचा आहे. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनने पोर्ट ब्लेअरमध्ये हजर होत्या. पुढचे दिवस अंदमानचा बाहेरच्या जगाशी संबंध राहिला त्यात हॅम मंडळींचा मोठा वाटा होता. अशा वेळी तिऱ्हाइताचा निरोप नेणे नियमात बसते. मग निरोपाऐवजी मदतीची रक्कम का नाही? प्रश्न रास्त आहे. पण पूर ओसरेपर्यंत वीज नसलेल्या गावात त्या रकमेचे तांदूळ देणारा दुकानदार पलीकडून पुष्टी मागणार, आणि ती पुष्टी आपल्याला सव्वाबारा मिनिटांत, झालीच तर, देता येते. तेवढ्या वेळात खुशालीचे आणि औषधांच्या मागणीचे किती निरोप गेले असते याचा हिशेब आपत्तीत हॅम नेट चालवणाऱ्यांनी मनाशी करावा. शिवाय पत्ता उघडा असला तरी त्यामागचा माणूस दिसत नाही. आपण नेतो ती मदत आहे की खंडणी, हे ऑपरेटरला कळायचा मार्ग नाही. आणि काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ नंतर झाली तशी हुकमाने केलेली इंटरनेटबंदी ही नियमांतली आपत्ती नव्हे. तशा बंदीच्या योग्यायोग्यतेवर न्यायालयात आणि वृत्तपत्रांत जरूर भांडावे, पण बंदी घालणारे सरकारच आपला परवाना देते, आणि एकाने काढलेल्या वाटेची किंमत सगळ्या कॉलसाइनना मोजावी लागू शकते.

‘आर्थिक हितसंबंधाविना’ हे दोन शब्द जुनाट वाटतात हे मान्य. पण आपल्याजवळचे बँड आपल्याजवळ आहेत ते याच दोन शब्दांच्या भाड्यावर. २०२२च्या लिलावात दूरसंचार कंपन्यांनी स्पेक्ट्रमसाठी सुमारे दीड लाख कोटी रुपये बोलले; आपण सात मेगाहर्ट्झवर परवाना शुल्काच्या किरकोळ रकमेत बसतो. लघुलहरींना आता कोण विचारतो, असेही समजू नये. समुद्रापारच्या शेअरबाजारात सौद्याची आज्ञा काही मिलिसेकंद आधी पोचवण्यासाठी काही कंपन्यांना हाच मार्ग हवा आहे. २०२३ मध्ये त्यांच्या आघाडीने अमेरिकी आयोगाकडे दोन ते पंचवीस मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात २० किलोवॉटपर्यंतच्या व्यापारी डेटा-प्रक्षेपणाची परवानगी मागितली. अर्जातून हौशी बँड वगळले होते, तरी शेजारच्या गोंगाटाच्या भीतीने अमेरिकेतील हौशी रेडिओ संघटनेने विरोध केला. खुद्द हौशी बँडांच्या बचावाचा मुख्य आधार काय, तर इथे धंदा चालत नाही. आपणच चाळीस मीटरवर पाकीट उघडून बसलो, तर उद्या असाच अर्ज आपल्याकडे आल्यावर कोणत्या तोंडाने हरकत घेणार?

म्हणून प्रयोग सोडावा असे आम्ही म्हणत नाही. बिटकॉइनचे सिग्नेट हे चाचणीचे जाळे आहे. त्यावरच्या नाण्यांना बाजारात किंमत नाही, पण व्यवहाराचे स्वरूप, आकार आणि सही खऱ्यासारखीच असते, आणि आयनावरणाला नाण्याची किंमत कळत नाही. जे शिकायचे ते सगळे तिथे शिकता येते: फ्रेम कशा तोडाव्यात, हुकलेली नेमकी कशी मागावी, षोडशमान अक्षरांऐवजी दाटीची मांडणी घेतली तर किती वेळ वाचतो. ज्यांना खरे पैसे किंवा गुप्त संदेशच पाठवायचे आहेत त्यांच्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा आहे. तिथे एक वॉटची मर्यादा पाळून मान्यताप्राप्त लोरा उपकरणांचे जाळे गावभर विणता येते, आणि हौशी सेवेचे नियम तिथे लागू नाहीत. कॉलसाइन मात्र तिथे वापरू नये.

येत्या पावसाळ्याआधी दोन केंद्रांनी मिळून सिग्नेटचा एक व्यवहार चाळीस मीटरवर पूर्ण करावा आणि लॉग आमच्याकडे धाडावा: वेळ यूटीसीत, शक्ती, अँटेना, एकूण फ्रेम आणि हुकलेल्या फ्रेम. फसलेल्या प्रयत्नांचे लॉगही हवे आहेत, ते आधी छापू.