ग्रुपवरची ऑर्डर वहीत उतरली पाहिजे

पुण्याच्या रविवार पेठेतील कापडगंजात पूर्वी व्यवहार गादीवर बसून होत असे. दलाल नमुने आणी, कापड चोळून पाहिले जाई, भाव ठरे आणि मुनीम वहीत नोंद करी. आज गादी आहे, वहीही आहे. पण निम्मे काम व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालते. 2020 च्या टाळेबंदीत दुकाने बंद असताना इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या मालाचे फोटो आम्हाला घरबसल्या मिळाले ते याच मार्गाने. हा फायदा नाकारणे कृतघ्नपणा ठरेल.

पण सोय वाढली तशी जबाबदारी निसटू लागली आहे. त्याचा अनुभव आम्ही आमच्याच दुकानात घेतला. एका रमजानमध्ये भवानी पेठेतील शिलाई कारागिरास आम्ही 40 कुर्त्यांचे काम दिले. ग्रुपवर आम्ही, आमचे चिरंजीव, मुनीमजी आणि कारागीर. रात्री एक वाजता चिरंजीवांनी बदललेली मापे बोलून पाठवली. ईदेच्या तोंडावर कारागिराची मशीन रात्रभर चालू असते; इतर निरोपांच्या गर्दीत हा निरोप दबून गेला. त्याने जुन्या मापाने कापड बेतले आणि आम्ही नुकसान त्याच्या मजुरीतून कापले. पुढे मुनीमजींनी सारे निरोप क्रमाने ऐकवले, तेव्हा चूक आमची निघाली. पैसे परत केले. पण तोवर त्याच्या घरची ईद होऊन गेली होती.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी लिहिताना आजही हात अडखळतो, म्हणून बोलून निरोप पाठवणे आम्हाला सोयीचे वाटते. अनेक कारागिरांचेही तसेच आहे. ते बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र बोलून झाल्यावर पाच गोष्टी आकड्यांत लिहाव्यात: नमुना क्रमांक, नग, दर, तारीख आणि आगाऊ रक्कम. आकडे सर्वांना वाचता येतात. ऑर्डर देणारा माणूस एकच असावा. कारागिराने 'मंजूर' कळवल्याशिवाय ती पक्की समजू नये. रंग पडद्यावर ठरवू नये. कापडाचा तुकडा पाठवावा. आमच्या दुकानात रात्री नऊनंतर ऑर्डर बदलत नाहीत. आणि संध्याकाळी सर्व काही वहीत उतरते, कारण मोबाईलवरचा निरोप पाठवणाऱ्याला दोन दिवसांपर्यंत सर्वांच्या फोनवरून पुसता येतो.

यात कारागिराच्या हक्काचाही प्रश्न आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानुसार, नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योजकाचे पैसे लेखी करार नसल्यास 15 दिवसांत आणि करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. माल कधी स्वीकारला याचीच नोंद नसेल, तर हे दिवस मोजणार कुठून?

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ही ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आपल्याला दिलेली आहे. मोबाईल आला म्हणून ती टळत नाही. व्यापारी बांधवांनी येत्या हंगामाची पहिली ऑर्डर याच रीतीने द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.