ढिगाऱ्याची माती ढिगाऱ्यावरच अडवा



२२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूण बुडाले. त्याच वर्षी डिसेंबरात चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले आणि मग वाशिष्ठी नदीतला गाळ काढायला यंत्रे उतरली. ते काम व्हायलाच हवे होते. पण गाळ नदीत जन्माला येत नाही, तो वरून येतो. आम्ही पोफळीकर या खोऱ्याच्या वरच्या टोकाला, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी राहतो. पावसात पऱ्याचे पाणी कधी नितळ असते आणि कधी लाल होते, हे इथे लहान मुलालाही कळते. तो लाल रंग वरच कसा थांबवायचा, याची चर्चा मात्र फारच थोडी होते.

सगळा गाळ खाणींचा आहे असे माझे म्हणणे नाही. दरडी, जंगलतोड, महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी परशुराम घाटात कापलेला डोंगर, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. तरीही मी खाणीतून बाजूला टाकलेल्या माती-दगडाच्या ढिगाऱ्यांवर बोट ठेवतो, त्याला कारण आहे. दरड कुठे आणि कधी कोसळेल हे कोणी सांगू शकत नाही. ढिगारा मात्र माणसाने, परवाना घेऊन, ठरवलेल्या जागी रचलेला असतो. जमीन कोणाची, परवाना कोणाचा, हे कागदावर असते. जिचा धनी माहीत आहे, त्या मातीला तरी आपण नदीपर्यंत का जाऊ द्यावे?

चिपळूणच्या पुरानंतर आठवडाभरातच सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावाने खाणीतून सुटलेल्या मातीची किंमत मोजली. लोहखनिजाच्या खाणीचा कडेचा भाग खचला, आत साठलेले पाणी माती घेऊन सुटले आणि घरांत, शेतात, बागायतीत लाल चिखल भरला. भाताच्या खाचरात असा चिखल बसला की तो हंगाम तर जातोच, पुढे जमीन पूर्ववत करायला शेतकऱ्याला किती खपावे लागते ते त्यालाच ठाऊक. गोव्यात हे दुखणे आणखी जुने आहे. तिथे एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागे. २०१२ साली खाणी थांबल्या, पण म्हणून ढिगाऱ्यांवर पडणारा पाऊस थांबला नाही.

पावसाचा हिशेब मांडून पाहावा. एक हेक्टर ढिगाऱ्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते, म्हणजे एक टँकर. शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर टँकर. आपल्याकडे आषाढात असा दिवस काही नवलाचा नसतो. एवढे पाणी उघड्या, सैल उतारावरून धावले तर ते माती घेऊनच जाणार.

यावर ठरलेले उत्तर मिळते: खाली गाळ बसण्यासाठी टाकी बांधली आहे. टाकी हवीच, पण सारी भिस्त तिच्यावर ठेवणे ही फसवणूक आहे. वाळू मीटरभर खोल पाण्यात काही मिनिटांत तळाला जाते. जांभ्याखालच्या चिकणमातीचा अगदी बारीक कण तेवढेच अंतर उतरायला, पाणी पूर्ण स्थिर असले तरी, तीनेक दिवस घेतो. मुसळधार पावसात टाकीतले पाणी तीन दिवस सोडा, तीन तासही थांबत नाही. जड वाळू खाली राहते, रंगीत पाणी तसेच पऱ्यात जाते आणि कागदावर अट पूर्ण झालेली दिसते. त्यातच गेल्या वर्षीचा गाळ उपसलेला नसेल तर टाकीत जागाच उरत नाही.

म्हणून सुरुवात वरून व्हायला हवी. डोंगराचे स्वच्छ पाणी ढिगाऱ्याला लागूच नये, यासाठी त्याच्या वरच्या अंगाला चर खणून ते दोन्ही बाजूंनी वळवावे. कोकणातला शेतकरी मिरगाआधी खाचराच्या वर नेमका हाच चर काढतो. ढिगारा एका उतारात न ओतता टप्प्याटप्प्याने रचावा, प्रत्येक टप्प्याचा कल आत डोंगराकडे ठेवावा, म्हणजे पाणी कडेवरून न कोसळता बाजूच्या दगडी नालीत जाईल. पायथ्याशी जांभ्याचा किंवा काळ्या दगडाचा भक्कम गडगा घालावा आणि त्यात पाणी झिरपून जायला वाट ठेवावी. मागे पाणी तुंबले की तोच गडगा फुटून संकट होतो. जो उतार पुढे हलवायचा नाही, त्यावर काथ्याची जाळी अंथरून गवत आणि वाळा लावावा. मूळ धरायला वेळ लागतो, त्यामुळे जुलैत रोपे लावून फोटो काढण्यात अर्थ नाही. एवढे झाल्यावर उरलेल्या पाण्यासाठी खाली टाकी.

खाणमालक म्हणतील, लहान चिरेखाणीला हा खर्च परवडत नाही. दगड, माणसे, खोदणारे यंत्र, सगळे खाणीतच असते; चर आणि गडगा घालायला बाहेरून काय आणायचे आहे? आणि हा खर्च टळत नाही, तो फक्त सरकतो. खाणमालकाने वाचवलेले पैसे खालचा शेतकरी भरतो, नाहीतर नदीतला गाळ काढताना सरकार भरते.

कायद्याची उणीव नाही. कळण्यासारख्या खाणींना ढिगाऱ्यातली माती बाहेर जाऊ न देण्याचे बंधन केंद्राच्या खनिज नियमांतच आहे. जांभा आणि काळा दगड गौण खनिजांत मोडतात, त्यांना राज्याचे २०१३चे नियम लागू आहेत. पाच हेक्टरांखालच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच सांगितले. उणीव आहे ती पावसात जाऊन पाहण्याची. उन्हाळ्यात कोरडी टाकी पाहून काय समजणार?

माझी मागणी एवढीच आहे. जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत चर, गडगा आणि टाकी तयार असल्याचा पंचनामा ग्रामपंचायतीच्या समक्ष करावा. तो झाला नाही तर त्या खाणीची वाहतूक थांबवावी. जून आणि जुलैत, भर पावसात, प्रत्येक खाणीच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या पाण्याचे नमुने घ्यावेत आणि त्यांचे निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. सोडून दिलेल्या, मालक न सापडणाऱ्या खाणींचे ढिगारे जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून बांधून काढावेत. आणि वाशिष्ठीतून काढलेला गाळ काठावरच टाकला जात असेल, तर त्यालाही हेच नियम लावावेत.

आपला,
एक ग्रामस्थ, पोफळी (ता. चिपळूण, जि. रत्नागिरी)