कुलूप आधी, किल्ली नंतर

पाव फुगवणारे यीस्ट म्हणजे एकाच पेशीचा जीव. पण त्यांच्यातही लग्ने जमतात, हे वाचून गंमत वाटेल. यीस्टचे ‘ए’ आणि ‘अल्फा’ असे दोन गट असतात. प्रत्येक गट आपले खास रसायन बाहेर सोडतो. तो निरोप समोरच्या गटातल्या पेशीला पोचला की ती आपली वाढ थांबवते, त्या दिशेला टोक काढते आणि शेवटी दोन्ही पेशी एक होतात.

बाहेर आलेला निरोप आत केंद्रकापर्यंत पोचवायला तीन प्रथिने लागतात: स्टे-११, स्टे-७ आणि फस-३. पहिले दुसऱ्यावर फॉस्फेटची मोहोर उठवते, दुसरे तिसऱ्यावर. अशा प्रथिनांना कायनेज म्हणतात. अडचण अशी, की स्टे-११ला दुसरीही नोकरी आहे. भोवतालचे पाणी खारट झाले की पेशी ग्लिसरॉल साठवून तग धरते. तो हुकूमही स्टे-११ पुढे पाठवते. मग लग्नाचा निरोप मिठाच्या खात्यात का जात नाही?

याचे श्रेय स्टे-५ या प्रथिनाला. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे ते तिघांना एकत्र धरून ठेवते; स्वतः मात्र कोणावरही मोहोर उठवत नाही. ते नसेल तर यीस्टचे मीलनच होत नाही. मिठाच्या खात्यात असेच काम पीबीएस-२ करते. अशा प्रथिनांना आपण ‘परांची प्रथिने’ म्हणू.

२००३ साली सॅन फ्रान्सिस्को येथील वेंडेल लिम यांच्या प्रयोगशाळेने या दोन परांच्या एकमेकींना जोडल्या. झाले काय, तर लग्नाचा निरोप आला आणि पेशी मिठाशी सामना करण्याच्या तयारीला लागली! कामगार जुनेच, फक्त त्यांची जुळणी बदलली होती.

मग उत्क्रांतीत ही परांची आली कशी? २००९ साली लिम यांच्याच गटाला दिसले, की स्टे-५ नुसते धरून ठेवत नाही. फस-३ जणू कुलूपबंद असते आणि स्टे-५ ते उघडते, तेव्हा कुठे स्टे-७ला त्यावर मोहोर उठवता येते. २०१३ साली त्याहून नवल कळले. स्टे-५ जन्माला येण्याआधीच फस-३पासून वेगळ्या झालेल्या भाऊबंद कायनेजांनाही ही किल्ली लागू पडली. म्हणजे कुलूप जुनेच होते, किल्ली मागाहून आली. उत्क्रांतीने नवे यंत्र घडवले नाही. जुन्या यंत्रात दडलेला गुण वापरात आणला.

प्राण्यांमध्ये असेच काम करणारे केएसआर हे प्रथिन १९९५ साली फळमाशी आणि सूत्रकृमी यांच्यात सापडले. त्याची घडण स्टे-५शी नव्हे, तर राफ नावाच्या कायनेजशी जुळते. गरज एकच, वाटा दोन.

हे केएसआर माणसातही असते. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावर ट्रॅमेटिनिब हे औषध दिले जाते. ते मेक नावाच्या कायनेजला रोखते. २०२० साली उघड झाले, की मेक आणि केएसआर जिथे एकमेकांना भिडतात तिथेच ते जाऊन बसते. औषध वापरात येऊन तेव्हा काही वर्षे लोटली होती. ज्या मध्यस्थाकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते, त्याच्या दारापाशीच ते इतके दिवस काम करत होते. पुढची औषधे शोधताना या मध्यस्थांचा विचार आता करावाच लागेल.