वाइन सुपरमार्केटात, मग शेतकरी कुठाय?

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना? विरोधक म्हणाले 'मद्यराष्ट्र' करताय, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि सरकार आपलं एकच सांगत होतं, हे शेतकऱ्यासाठी आहे. पुढे ते सगळं बारगळलं.

मला खटकली ती त्यातली एक अट. दुकान किमान १०० चौरस मीटरचं हवं! म्हणजे जवळजवळ अकराशे स्क्वेअर फूट. एवढा गाळा कुठल्या शेतकऱ्याकडे असतो हो?

आमच्या जालना जिल्ह्यातलं कडवंची घ्या. पाणलोटाची कामं आणि शेततळी यांच्या जोरावर दुष्काळी भागात द्राक्षं पिकवणारं गाव. ही द्राक्षं खायची, वाइनच्या जाती वेगळ्या, हे मान्य. पण काही एकरांवर त्या जाती लावून छोटी वायनरी काढावी असं कुणाला वाटलं, तर तो माल विकणार कुठे? मोठ्या ब्रँडशेजारी फळीवर जागा मिळवायलाच त्याची दमछाक व्हायची.

माझं म्हणणं साधं आहे. शेतकरी आठवडी बाजारात भाजी थेट विकतो, तशी स्वतःच्या फळांची वाइनही त्याला विकू द्या. फक्त छोट्या उत्पादकाला, फक्त वाइन, सीलबंद बाटली, वयाचा पुरावा बघून, आणि बाजारात प्यायला सक्त मनाई. न्यूयॉर्क राज्याने १९७६ च्या कायद्याने छोट्या द्राक्ष बागायतदारांना थेट ग्राहकाला वाइन विकू दिली. आज तिथल्या शेतकरी बाजारातही ती मिळते.

आता खरा आक्षेप. दारूने घरं बुडतात आणि भोगतात बायका. हे 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं म्हणून उडवून लावण्यासारखं नाहीच. पण त्यावरचा उपाय आपल्याकडेच आहे. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिलं की गावातलं दारूचं दुकान बंद होतं. इथे तेच उलटं करा. आधी बायकांचं मत घ्या, त्या हो म्हणाल्या तरच टेबल लागेल. नाही म्हणाल्या तर विषय संपला.

असो. शेतकऱ्याचं नाव घेऊन निर्णय करायचा, तर गल्ल्यावर शेतकरीच बसलेला दिसला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?