चौघे नायक, काम एकच

सुपरहिरोंच्या पथकाचा गेम करायचा म्हटलं की पहिल्याच बैठकीत फळ्यावर नावं चढतात. कोण घ्यायचा, कुणाला कुठली शक्ती, कुणाचा पोशाख कसा. फळा भरला की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. को-ऑप गेमवरच्या या अंकासाठी ‘मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स’ची चर्चा करायची ठरवली, ती याचमुळे. क्रिस्टल डायनॅमिक्सने केलेला आणि स्क्वेअर एनिक्सने 4 सप्टेंबर 2020 रोजी बाजारात आणलेला हा अ‍ॅक्शन आरपीजी चालला नाही, हे आपल्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. का चालला नाही, हे विचारलं की लोक त्यातल्या दुकानाकडे बोट दाखवतात. दुकान होतंच, त्याकडे येऊ. पण गेम अडकला तो त्याच्या आधी, मिशनच्या आखणीत.

जे जमलंय ते आधी सांगायला हवं, कारण ते थोडंथोडकं नाही. सुरुवातीचा गोल्डन गेट पुलावरचा प्रसंग घ्या. थोर, आयर्न मॅन, हल्क, कॅप्टन अमेरिका, ब्लॅक विडो असे पाच जण एकामागून एक खेळाडूच्या हाती येतात आणि प्रत्येकाचं अंग वेगळं लागतं. हल्क शत्रूला उचलतो आणि त्याच शत्रूने पुढच्याला बडवतो. थोरने हातोडा फेकला की तो समोरच्याला जागीच खिळवून ठेवतो. परत बोलावेपर्यंत थोर नुसत्या मुठींनी लढतो. आयर्न मॅन हवेत तरंगत वरून मारा करतो. पुढे कमला खान येते, तिचे हात रबरासारखे लांबतात आणि एका झपाट्यात भोवतालचे सगळे आडवे होतात. एवढी वेगवेगळी शरीरं एकाच कंट्रोलरवर, त्याच बटणांवर बसवायची आणि तरीही बटण दाबल्यावर कोण लढतंय हे बोटांना कळायला हवं. ज्यांनी कॉम्बॅटचं अ‍ॅनिमेशन केलंय त्यांना यामागची मेहनत वेगळी सांगायला नको.

कथेचा भागही नीट उभा आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या दुर्घटनेनंतर पाच वर्षांनी, फुटलेलं पथक पुन्हा गोळा करते ती हीच कमला, जर्सी सिटीची एक मुलगी, अ‍ॅव्हेंजर्सची निस्सीम चाहती. पथक आयतं मिळत नाही, एकेक माणूस शोधावा लागतो, म्हणून प्रत्येकाच्या येण्याला किंमत राहते. हा एकट्याने खेळायचा भाग बाजूला काढून विकला असता तर आज त्याची आठवण वेगळी राहिली असती, असं मला अनेकदा वाटतं.

कथा संपते आणि खरा गेम, म्हणजे महिनोन्‌महिने खेळला जावा अशी अपेक्षा असलेला भाग, सुरू होतो. चौघांनी मिळून एआयएम या शत्रू-संघटनेच्या तळावर उतरायचं. लिफ्ट, पांढऱ्या भिंतींची प्रयोगशाळा, यंत्रमानवांची एक लाट, मग दुसरी. पुढे उद्दिष्ट येतं: जमिनीवर आखलेला भाग ताब्यात ठेवा. हल्कने तिथे थांबायचं, विडोने तिथे थांबायचं, उडणाऱ्या आयर्न मॅननेही त्याच जागेची राखण करायची. दुसऱ्या तळावर काही यंत्रं फोडायची असतात. तीही चौघांपैकी कुणीही फोडली तरी चालतं. पंगतीत चार वाढपी फिरताहेत आणि चौघांच्याही हातात वरणाचंच पातेलं, असा तो प्रकार आहे.

हे आळसापोटी झालं असं म्हणणं सोपं आहे, पण कारण व्यवहारी आहे आणि आपल्यालाही ते कधीतरी भेटणार आहे. ऑनलाइन जोडणी केली की कुठले चार नायक एकत्र येतील याचा भरवसा नाही. कुणी एकटाच खेळेल, बाकीच्या तिघांना संगणक चालवेल. मग ‘इथे थोरच हवा’ असं मिशन लिहिताच येत नाही. लिहिलं तर थोर नसलेला खेळाडू दाराशी अडकणार. त्यामुळे प्रत्येक नायक सर्वगुणसंपन्न करावा लागतो. प्रत्येकाला लांबून मारा देता आला पाहिजे, म्हणून हल्कसुद्धा जमिनीतून दगड उपटून फेकतो. प्रत्येकाकडे तीन मोठ्या शक्ती, त्यांपैकी एक मदतीची. एकेकटं पाहिलं तर सगळं रास्त. पण ज्याला कुणाचीच गरज नाही अशा चौघांना एका विमानातून उतरवलं म्हणून त्यांचं पथक होत नाही. सुरुवातीला एका पथकात तोच नायक दोनदा घेता येत नव्हता; 2021 मध्ये ते बंधन उठलं. चार थोर घेऊन उतरलात तरी मिशन तसंच पार पडतं.

याच ठिकाणी 2006 चा ‘मार्व्हल: अल्टिमेट अलायन्स’ काढून बघावा. रेव्हन सॉफ्टवेअरचा, अ‍ॅक्टिव्हिजनने प्रकाशित केलेला. दिसायला आज जुनाट, कॅमेरा वरून, चौघे एकाच चौकटीत. एक जण पुढे धावला की मागचे तिघे त्याला अडवतात. मारामारी बरीचशी बटणं बडवण्यावर चालते आणि मोठ्या लढतीत आपला माणूस कुठला हे शोधावं लागतं. तरीही त्यात पथक बांधण्याची मजा होती. ठरावीक नायक एकत्र घेतले की पथकाला जादा बळ मिळायचं, म्हणून फँटॅस्टिक फोरचे चौघे एकत्र ठेवण्याला अर्थ होता. स्वतःचं पथक बनवून त्याला नाव देता यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक नायकाचे चार पोशाख आणि प्रत्येक पोशाखाचे गुण वेगळे. दिसणं आणि ताकद एकाच जागी बांधलेली. चौदा वर्षांनी ‘अ‍ॅव्हेंजर्स’ने नेमकं हेच तोडलं. तिथे गियरचे आकडे वाढत राहतात, पण अंगावर काहीच बदलत नाही, कारण पोशाख दुकानात वेगळे विकायचे आहेत. लूट मिळाल्याचा आनंद डोळ्यांना व्हायला हवा. तो एका यादीतल्या आकड्यापुरता उरला.

‘अल्टिमेट अलायन्स’चीही एक फसगत सांगण्यासारखी आहे. मेफिस्टो या खलनायकाच्या राज्यात खेळाडूला जीन ग्रे आणि नाइटक्रॉलर यांपैकी एकालाच वाचवता येतं. दुसरा जातो. पुढे काय झालं ते शेवटी वॉचर हे निवेदक पात्र सांगतं. कागदावर जबरदस्त. खेळताना मात्र हात फारसा थरथरत नाही, कारण कन्सोलवरच्या मूळ गेममध्ये हे दोघेही खेळाडूच्या पथकात येऊच शकत नव्हते. ज्याला तासन्‌तास चालवलं, ज्याची पातळी स्वतः वाढवली, त्याला गमावायचं असतं तर तो निर्णय निर्णय झाला असता.

दुसऱ्या भागात, 2009 मध्ये, व्हिकेरियस व्हिजन्सने दोन नायकांच्या शक्ती एकत्र करायची सोय आणली. कल्पना अगदी मोक्याची. जोड्या पुष्कळ, पण परिणाम मोजक्या प्रकारांतलेच, त्यामुळे निम्म्या गेममध्ये नवलाई ओसरते. त्याच गेमने सुपरहिरोंच्या नोंदणी कायद्याच्या बाजूने की विरोधात, असा पक्ष निवडायला लावला, आणि शेवटच्या टप्प्यात दोन्ही पक्षांसमोर एकच शत्रू उभा करून ती निवड पुसून टाकली. 2019 चा तिसरा भाग टीम निंजाचा, फक्त निन्टेन्डो स्विचवर. तिथे एकत्रित हल्ला बटणाच्या हाताशी आणलाय आणि त्यामुळे सोबत कोण आहे याकडे लक्ष राहतं. पण कॅमेरा भिंतींत अडकतो, पडद्यावर रोषणाईचा चिखल होतो आणि बाकावर बसलेले नायक अनुभव मिळवत नसल्याने नवा माणूस घ्यावा तर तो मागे पडलेला असतो. म्हणजे पथक बदलून बघण्याची शिक्षा.

आता दुकान. मार्च 2021 मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये वरच्या पातळ्या गाठायचा वेग कमी केला गेला. ऑक्टोबरमध्ये तोच वेग वाढवणाऱ्या वस्तू पैशाला विकायला आल्या, आणि फक्त दिखाऊ वस्तू विकू असं आधी सांगितलेलं असताना. ओरड झाली, नोव्हेंबरमध्ये त्या काढल्या. यात निषेधार्ह जे आहे ते आहेच. पण ज्या मिशनमध्ये खेळाडू रमलेला असतो, तिथे वेग विकत घ्यावासा वाटत नाही. लोकांना तो भाग पटकन संपवायचा असेल, हे विकणाऱ्यांनीच गृहीत धरलं होतं.

31 मार्च 2023 ला शेवटचं अपडेट आलं आणि दुकानातले पोशाख सगळ्यांसाठी फुकट झाले. 30 सप्टेंबर 2023 पासून गेमची डिजिटल विक्री बंद आहे. ज्यांच्याकडे तो आहे ते अजून खेळू शकतात. तुमच्या स्टुडिओत कुणाकडे डिस्क पडून असेल तर मागून घ्या. एका दुपारी गोल्डन गेटचा प्रसंग खेळा आणि लगेच एआयएमचा कुठलाही एक तळ. दोन्हीकडे प्रत्येक उद्दिष्टासमोर लिहा: हे काम करायला कोण लागला, आणि दुसरा कुणी असता तर काय बिघडलं असतं. मग हाच तक्ता स्वतःच्या प्रोटोटाइपसाठी भरा, पाचव्या नायकाचं मॉडेलिंग सुरू करण्याच्या आधी.