धक्का बसला, पुढे काय?

मुंबईत खारमधल्या ‘हॅबिटॅट’ या छोट्या सभागृहाचे नाव २०२५ साली लागोपाठ दोन महिने बातम्यांत होते. फेब्रुवारीत ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या यूट्यूबवरच्या कार्यक्रमात पॉडकास्ट करणाऱ्या रणवीर अलाहाबादियाने एका स्पर्धकाला त्याच्या आईवडिलांच्या शरीरसंबंधांवरून प्रश्न विचारला आणि गुन्हे दाखल झाले. मार्चमध्ये विनोदकार कुणाल कामराने ‘दिल तो पागल है’मधल्या गाण्याच्या चालीवर उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे नाव न घेता विडंबन गायले. शिंदे यांच्या शिवसैनिकांनी सभागृह फोडले आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक तिथे पाडकामाला पोचले. दोन्ही प्रकारांना तेव्हा एकच शिक्का मारला गेला : हल्लीच्या पोरांचा पातळी सोडलेला विनोद.

मला ही गल्लत धोक्याची वाटते. अलाहाबादियाच्या प्रश्नात नुसता धक्का होता, विषयच नव्हता. कामराच्या गाण्यात विषय होता आणि धक्क्याचा शब्द तर शिळा होता. ‘गद्दार’ हा शब्द शिवसेना फुटली तेव्हापासून, म्हणजे जून २०२२ पासून, महाराष्ट्राच्या सभांमध्ये रोज उच्चारला जात होता. तरीही तो झोंबला, कारण तो एका ठरावीक राजकीय कृतीवर बोट ठेवत होता. कामराचे म्हणणे चूक आहे असे कोणी म्हणू शकतो, त्यावर वाद घालू शकतो. पहिल्या प्रश्नावर कसला वाद घालणार? अलाहाबादियाने माफी मागितली, कार्यक्रमाचा कर्ता समय रैना याने त्याचे सगळे भाग काढून टाकले, आणि समाजाविषयीचे एकही विधान त्यामुळे मागे घेतले गेले नाही. कामराने माफी नाकारली, कारण त्याच्याकडे मागे घेण्याजोगे काहीतरी होते. धक्क्यामागे उपहास आहे की नाही, हे मी याच कसोटीवर ठरवते.

रैनाच्याच एका विनोदाने मला यापेक्षा जास्त अस्वस्थ केले. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी हा स्नायूंचा दुर्मीळ आजार झालेल्या दोन महिन्यांच्या बाळाला १६ कोटींचे इंजेक्शन हवे असते. लोकांनी दिलेला पैसा आईच्या खात्यात जमा झाला तर तिच्या मनात काय येईल, अशी ती कल्पना होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रैनासह काही विनोदकारांना अपंग व्यक्तींची जाहीर माफी मागायला सांगितले. पण न्यायालय क्षणभर बाजूला ठेवू. एका इंजेक्शनची किंमत १६ कोटी! २०२१ मध्ये मुंबईतल्या एका कुटुंबाने लोकवर्गणीतून ही रक्कम उभी केली, तेव्हा परदेशातून येणाऱ्या त्या औषधावर सुमारे ६ कोटींचा कर लागणार होता. बराच गाजावाजा झाल्यावर केंद्राने तो माफ केला. औषध कंपनी, पेटंट, करखाते, मोबाइलवर हात पसरणारे आईबाप. इतका क्रूर प्रहसनाचा ऐवज समोर पडलेला असताना विनोदकाराला त्यात दिसली ती लोभी आई. सगळ्या साखळीत सर्वांत दुबळी तीच होती. नेम तिच्यावर धरायला कसलेही धैर्य लागत नाही.

नेम बरोबर असला तरी काम फत्ते होतेच असे नाही. अमेरिकेत १९७१ साली ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका सुरू झाली. नॉर्मन लिअर यांनी आर्ची बंकर हा वर्णद्वेष्टा बाप उभा केला तो त्याचे हसे करण्यासाठी. नील विडमार आणि मिल्टन रोकीच या संशोधकांनी १९७४ मध्ये अमेरिकी आणि कॅनडियन प्रेक्षक तपासले, तेव्हा निघाले भलतेच. ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना आर्ची हवाहवासा वाटत होता. शेवटी तोच जिंकतो असे वाटत होते. लेखकाने शिवी म्हणून लिहिलेले वाक्य त्यांनी टाळी म्हणून घेतले. कृष्णवर्णीय अमेरिकी विनोदकार डेव्ह शॅपेलला २००४ मध्ये हेच प्रत्यक्ष कानांनी ऐकू आले. वर्णद्वेषाची खिल्ली उडवणारे एक प्रहसन चित्रित होत असताना एका गोऱ्या माणसाचे हसणे त्याला खटकले. २००५ मध्ये तो सुमारे ५ कोटी डॉलरचा करार सोडून दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. प्रेक्षक नेमका कशाला हसतोय, हा प्रश्न त्याने स्वतःचे नुकसान सोसून विचारला. आपल्याकडे हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही; हशा आला की बाण लागला, असे धरून चालतात.

चुकीचा नेम आणि चुकीचा हशा, तमाशाला हे दोन्ही धोके ठाऊक होते. ‘गाढवाचं लग्न’मध्ये दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार राजाच्या दरबारात जे बोलायचा, त्यातल्या चावटपणाआडून दरबाराचीच अब्रू जायची. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडक्यांचा हवालदार ताज्या राजकारणावर प्रयोगागणिक नवी कोटी करायचा, हसणाऱ्याला राजा कोण, प्रधान कोण हे बरोबर कळायचे. पण लोककलेचे गोडवे गाताना दुसरी बाजू झाकू नये. गौळणीतला तोच द्व्यर्थी संवाद कितीदा तरी राजावर न पडता नाचणाऱ्या बाईच्या अंगावर पडला. फडावरची बाई दलित, भटक्या जातीतली, समोर पागोटेवाले. तिथे धक्का कोणालाच बसत नव्हता, फक्त मजा होत होती.

म्हणून ‘धक्कादायक विनोद चालतो का’ या प्रश्नाला माझे उत्तर आहे : चालतो, पण क्वचित. त्याला विषयाचा अभ्यास लागतो, नेम लागतो आणि चुकीच्या हशाची भीती लागते. ज्याला हे जमत नाही त्याला पडू द्यावे. त्याचे तिकीट काढू नका, दुवा पुढे पाठवू नका, समोर बसला असाल तर हसू नका, आणि विनोद का फसला हे नाव घेऊन लिहा. पोलिसांना मात्र बोलावू नका. फेब्रुवारीतल्या प्रश्नासाठी तुम्ही ज्या चौकीचे दार ठोठावलेत, तेच दार मार्चमधल्या गाण्यासाठीही उघडले गेले.