वेदनेलाही व्यासपीठ हवे

चळवळीतला कलावंत आम्हांला आठवतो तो तरुण, ताठ आणि गर्जणारा. नामदेव ढसाळ म्हटले की १९७२ चा ‘गोलपिठा’ आणि त्याच वर्षी स्थापन झालेली दलित पँथर डोळ्यांपुढे उभी राहते. जयंतीच्या भाषणांत पुढची वर्षे सहसा येत नाहीत. १९८१ पासून ढसाळ मायस्थेनिया ग्रॅव्हिस या व्याधीशी झुंजत होते. या व्याधीत मज्जातंतूंचा संदेश स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही. पापण्या मिटू लागतात, बोलणे, गिळणे, प्रसंगी श्वास घेणेही जड होते. पुढे कर्करोगही जडला आणि १५ जानेवारी २०१४ रोजी ते गेले. चौसष्ट वर्षांच्या आयुष्याचा निम्मा काळ आजारात गेला; तरी ‘खेळ’ आणि ‘या सत्तेत जीव रमत नाही’ हे संग्रह त्याच काळातले. २०१० च्या संग्रहाला तर त्यांनी ‘निर्वाणाअगोदरची पीडा’ असेच नाव दिले. कवीने जे लपवले नाही, ते आम्ही का झाकावे?

आजार सांगितला तर योद्धा उणा पडेल, ही आपली धास्ती निराधार आहे. कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात पाठ दुखू लागली, तेव्हा तथागतांनी आनंदाला उपदेश करण्यास सांगून स्वतः विश्रांती घेतल्याचे मज्झिम निकायात नमूद आहे. संघाने ही गोष्ट वगळली नाही, जतन केली. मधुमेह आणि पायांच्या वेदना सोसत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ सिद्ध केला, हेही आपण जाणतोच.

मात्र दृश्यता म्हणजे दयेचे प्रदर्शन नव्हे. बालपणी बैलगाडीच्या अपघातात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सोनाली नवांगुळ यांना सलमा यांच्या तमिळ कादंबरीच्या ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ या अनुवादासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तो त्यांच्या मराठीचा सन्मान होता, चाकाच्या खुर्चीचा नव्हे. आपली व्याधी सांगायची की नाही, हे कलावंताने ठरवावे. सांगितल्यावर त्याला जागा करून देणे हे समाजाचे काम.

ही जागा आज कोठे आहे? २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार आणि सिकलसेलही त्यात आले. डोळ्यांना न दिसणारी व्याधी कायद्याला दिसू लागली, परंतु आमच्या व्यासपीठाला अजूनही पायऱ्याच आहेत. २ मार्च १९३० रोजी याच नाशिकात काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे आपले पूर्वज उभे राहिले. त्या दारामागे द्वेष होता, या पायऱ्यांमागे केवळ दुर्लक्ष आहे; बाहेर राहणाऱ्याला मात्र दोन्हींचा अनुभव एकच.

म्हणून माजी विद्यार्थ्यांनी पुढच्या स्नेहसंमेलनाच्या वर्गणीतून आधी उतरता मार्ग बांधावा. आजारी गायकाला बसून गाऊ द्यावे, मध्येच थांबू द्यावे आणि मानधन हारासोबतच द्यावे. पालकांनीही दुखणाईत लेकराला चित्रकला-गायनातून वगळण्याची विनंती शाळेला करू नये. त्याला किती झेपते, ते त्यालाच विचारावे. समतेचा धडा आम्ही वर्गात शिकवतो. त्याची परीक्षा व्यासपीठाच्या पहिल्या पायरीशी होते.